मेलबर्नमधली ग्रीक-आशियाई खादाडी: पाच माणसं, चार तुकडे आणि एक गुरुवार

तिखटमीठ

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, पण परवाचा प्रकार लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. सासूबाईंचं माहेर मालवण, मासे म्हणजे जीव की प्राण. सासरे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ह्यांच्या वाढदिवसाला शहरात जेवायला जाऊ म्हणून मी मोठ्या हौसेने मेलबर्नच्या मध्यवस्तीतलं एक ग्रीक-आशियाई हॉटेल बुक केलं. सगळं छोट्या छोट्या बशांत येतं आणि वाटून खायचं असतं, तसलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे कुरकुर आहे. जागा मिळाली ती गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाची, वर 'पावणेआठला टेबल मोकळं करावं लागेल' अशी अट. गुरुवार हा सासूबाईंचा वार. हे मला कार्डाचा नंबर देऊन झाल्यावर आठवलं.

गल्लीत शिरून जिना उतरायचा. आत इतका अंधार, की सासऱ्यांनी मेन्यूवर मोबाईलचा टॉर्च मारला. तेवढ्यात वाढणारी मुलगी आली आणि म्हणाली, "आधी आलायत का आमच्याकडे? थांबा, आमची संकल्पना समजावून सांगते." मी भाषांतर केलं. सासरे म्हणाले, "जेवायच्या आधी संकल्प? आधी आचमन तरी करू दे."

तर संकल्पना अशी: माणशी दोन-तीन बशा मागवा, ज्या जशा तयार होतील तशा येतील. आम्ही दहा मागवल्या.

पहिली आली तारामासलाता. पांढरट, फेटलेल्या लोण्यासारखी दिसणारी चटणी, वर तीळ आणि समुद्री शेवाळाची भरड, सोबत पिटा ब्रेडच्या जागी पातीच्या कांद्याचे पापुद्रे सुटलेले चिनी परोठे. सासूबाईंनी बशी उचलून नुसती नाकाशी नेली. सांगलीत चाळीस वर्षं काढलेली बाई, पण तोंडून निघालं, "गाबोळी आसा ही!" म्हणजे माशाची अंडी. आणि मग बशी ह्यांच्याकडे सरकवत, "मेली गुरुवारीच बरी भेटली."

मग सागानाकी. दोन कानांची वीतभर कढई, त्यात तळलेला चीजचा जाड तुकडा, वर मध आणि चिनी तिखट तेल. कढई टेबलावर आली तरी कडेने चुरचुरत होती. वरचा पापुद्रा खरपूस, आत मऊ आणि खारट, मागाहून मधाचा गोडवा आणि शेवटी मिरची. सासऱ्यांनी दोनदा घेतलं आणि "खरवस तळला तर असाच लागेल" असा अभिप्राय दिला. माझ्या मते संध्याकाळचा सर्वोत्तम पदार्थ हाच.

इथून पुढे गणिताचा तास. कोळंबी तीन. मेंढीच्या मटणाची डम्पलिंग्ज चार. ऑक्टोपसचा एक पाय, चार तुकडे, ३६ डॉलर. खाणारे आम्ही दोघं आणि बारा वर्षांचे चिरंजीव. तिघांनी तीन तुकडे खाल्ले, चौथा बशीत. कोणी हात लावेना. सासूबाई अधूनमधून त्याच्याकडे बघत होत्या.

खरी गडबड झाली ती मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी चटणी) लावून भाजलेल्या वांग्यात. मेन्यूवर शाकाहारीची खूण नव्हती, पण मी सुरुवातीलाच 'दोन माणसं शाकाहारी' असं सांगितलं होतं आणि मुलीने मान डोलावली होती. वांगं अफलातून होतं. अर्धं संपल्यावर मला शंका आली म्हणून विचारलं. ती आत जाऊन आली आणि चेहरा पाडून म्हणाली, खालच्या रश्शात दाशी आहे, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. पाणी प्यायले. म्हणाले, "चव चांगली होती."

तिने फार वेळा माफी मागितली आणि वांगं बिलातून काढलं. तरी बिल ३०३ डॉलर. घरी येऊन सासऱ्यांनी दूधपोहे खाल्ले.

तर प्रश्न असा: हे फ्यूजन खरंच काही असतं, की दोन देशांच्या नावावर चौपट पैसे? आणि अशा ठिकाणी पाच जणांनी मागवायचं कसं?

झणझणीत_रस्सा

फोटो नाहीत. फाऊल.

तिखटमीठ

अंधार होता म्हटलं ना! एक काढलाय, त्यात सासऱ्यांचा टॉर्च आणि चिरंजीवांची कोपरं दिसतात.

आडगावचा_पाहुणा

३०३ डॉलर म्हणजे किती रुपये ते मनातल्या मनात केलं आणि पाणी प्यायलो. तेवढ्यात आमच्याकडे बारसं उरकतं. आणि फ्यूजनचं म्हणाल तर आमच्या नाक्यावर चायनीज भेळ आणि शेजवान डोसा वीस वर्षं मिळतोय, त्याला कोणी 'संकल्पना' म्हणत नाही.

अनिवासी_भोपळा

अहो, डॉलरला रुपयांनी गुणायचं नाही, हा परदेशातला पहिला नियम. इथे भांडी घासणाऱ्यालाही तासाचे नीट पैसे मिळतात, म्हणून ताटात ते दिसतात. तिखटमीठ, गुरुवारी गेलात ते एका अर्थी बरं. रविवारी बहुतेक ठिकाणी बिलावर दहा टक्के आणखी लावतात, सणावारी पंधरा. उलट टिप द्यायची सक्ती नाही.

ओकलीकर

मी मेलबर्नच्या ओकली या उपनगराजवळ राहते, म्हणजे आजूबाजूला निम्मी ग्रीक मंडळी. त्यामुळे या धाग्यावर बोलण्याचा माझा हक्क आहे असं समजते. :)

'दोन देशांच्या नावावर पैसे' याच्याशी असहमत, निदान मेलबर्नपुरती. शहराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. लॉन्सडेल स्ट्रीटवर स्वॉन्स्टन आणि रसेल या रस्त्यांच्या मधला पट्टा हा जुना ग्रीक भाग. त्याच्या पाठीला पाठ लावून लिटल बर्क स्ट्रीट, म्हणजे चायनाटाऊन. मधे जेमतेम एक ओळ इमारती. चिनी लोक इथे १८५० च्या दशकात सोन्याच्या खाणींमागे आले. ग्रीक मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ च्या ऑस्ट्रेलिया-ग्रीस स्थलांतर करारानंतर तर जहाजं भरभरून. एका गल्लीत कोळशावर मेंढी भाजतायत आणि मागच्या गल्लीत वाफेवर डम्पलिंग. या दोन गल्ल्यांच्या मधे वाढलेल्या पोरांनी मोठेपणी हॉटेल काढलं तर ते दुसरं काय शिजवणार? हे फ्यूजन कोणा सल्लागाराने कागदावर मांडलेलं नाही, शेजारामुळे झालंय. थेसालोनिकी हे ग्रीसमधलं शहर १९८४ पासून मेलबर्नचं भगिनी-शहर आहे, इतका घरोबा.

आता ग्रीकांचं म्हणणंही ऐका. माझी शेजारीण ऐंशीच्या पुढची. नातवाने तिला असल्याच एका ठिकाणी नेलं होतं. परत आल्यावर कुंपणावरून मला हाताचा द्रोण करून दाखवला, "एवढीशी बशी!" मग दुसरा हात, "एवढं बिल!" चव कशी होती विचारलं तर म्हणाली, "चव होती. पण उरलं नाही." तिच्या हिशोबात पाहुणे गेल्यावर पातेल्यात काही उरलं नाही तर यजमानाची नाचक्की. कुठे ऐकल्यासारखं वाटतंय का?

यवनी_मेथी

अवांतर होणार आहे, हलके घ्या.

ज्याला तुम्ही छोट्या बशा म्हणताय त्याला ग्रीक 'मेझे' म्हणतात. हा शब्द तुर्कीतून आला आणि तुर्कीत फारसीतून. मूळ फारसी शब्द 'मझा', म्हणजे चव. तोच आपल्याकडे 'मजा' होऊन बसलाय. तेव्हा चार मित्र, चार बशा आणि घोटभर काहीतरी यालाच 'मजा करणे' म्हणतात, हे व्युत्पत्तीने सिद्ध होतं.

दुसरं म्हणजे 'आशिया' हे नावच ग्रीकांनी पाडलेलं. आधी ते समुद्रापलीकडच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम टोकापुरतं होतं, मग पसरत पसरत आपल्यापर्यंत आलं. त्यांना मिरीसाठी शब्द मिळाला तो आपल्या 'पिप्पली'वरून. आणि मेथीचं शास्त्रीय नाव चक्क 'ग्रीक गवत' अशा अर्थाचं लॅटिन आहे. म्हणजे आपण भाजी म्हणून खातो ते रोमन लोकांच्या लेखी ग्रीसचं वैरण.

डम्पलिंगचीही गंमत. तुर्कस्तानात मटण भरलेल्या मोदकांना 'मान्ती' म्हणतात, वरून दही आणि लोण्यात तापवलेली मिरची. कोरियात 'मांदू'. नावं एकाच कुळातली. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली तेव्हा आशिया मायनरमधले ग्रीक आपली भांडीकुंडी आणि असे पदार्थ घेऊन ग्रीसमध्ये आले. त्यामुळे मेंढीचं डम्पलिंग दह्यावर ठेवून कोणी 'नवीन प्रयोग' म्हणालं तर गालात हसायचं.

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दान दिल्याचे लेख आहेत. ते जेवायला काय घेत असतील याचा लेख मात्र नाही.

आडगावचा_पाहुणा

मेथीची भाजी म्हणजे वैरण! ताई, हे आमच्या मुलांना कळलं तर घरात मेथी शिजणं बंद होईल.

तीन_शिट्ट्या

मी शहरातल्या दोन हॉटेलांच्या स्वयंपाकघरात चार वर्षं काढली आहेत, त्यातलं एक याच पठडीतलं. आता दुसरं काम करतो, त्यामुळे मोकळेपणाने टंकतो.

छोट्या बशांमागे संकल्पना वगैरे पन्नास टक्के, बाकी पन्नास टक्के स्वयंपाकघराची सोय. नेहमीच्या हॉटेलात सहा जणांची सहा ताटं एकाच क्षणी बाहेर जायला लागतात. म्हणजे तवा, भट्टी, तळण सगळ्यांनी एकमेकांची वाट बघायची. इथे जे झालं ते बाहेर. ओट्यावर कोणी खोळंबत नाही, टेबल दोन तासांत मोकळं होतं, रात्रीत दोनदा-तीनदा भरतं. 'जशा तयार होतील तशा येतील' याचा अर्थ तो आहे. पण 'चीज आधी, मटण शेवटी, मधे दहा मिनिटं थांबा' असं सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. फक्त मागवतानाच सांगायचं. आणि सगळ्या बशा एकदम मागवू नका. चार मागवा, खा, मग पुढच्या.

तुकड्यांचं: विचारा! 'आम्ही पाच आहोत, पाच तुकडे होतील का?' डम्पलिंग आणि कोळंबीला बहुतेक वेळा होतात, जास्तीच्या तुकड्याचे पैसे लावतात इतकंच. ऑक्टोपसला होत नाहीत, कारण तो पाय आहे, कापायचा तितकाच कापतात.

३६ डॉलर का, तेही सांगतो. कच्चा ऑक्टोपस थेट निखाऱ्यावर टाकला तर चपलेचा तळ. आधी झाकण ठेवून मंद आचेवर तासभर तरी त्याच्या स्वतःच्याच पाण्यात शिजवायचा. त्यात तो आटून जवळपास निम्मा होतो. मग गार करायचा, पाय सुटे करायचे, आणि ऑर्डर आली की दोन मिनिटं जळत्या कोळशावर, म्हणजे टोकं करपून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. विकत घेतलेल्या वजनातलं अर्धंच ताटात जातं.

आता मुख्य प्रश्न, फ्यूजन खरं की खोटं. माझी एक चाचणी आहे. दुसऱ्या देशाची वस्तू पदार्थात काही काम करते आहे का ते बघायचं. सागानाकीवर ग्रीसमध्ये लिंबू पिळतात, कारण तळलेल्या खाऱ्या चीजला आंबट काहीतरी हवं. तिखट तेल आणि मध तेच काम वेगळ्या रस्त्याने करतात. म्हणून जमलं. मुरवलेलं चीज आणि मिसो हे तर एकाच गुणाचे, दोन्हींत ती खोल, जिभेवर रेंगाळणारी चव. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू शेवाळातून ती वेगळी काढली आणि 'उमामी' नाव दिलं. याउलट आमच्याकडे एक पदार्थ होता, मुसाका (वांगी आणि खिम्याचे थर), वर वसाबी या झणझणीत जपानी मुळाचं बेशामेल, म्हणजे दाट पांढरा सॉस. तो आम्ही स्वयंपाकघरातले कोणीच खायचो नाही.

काताइफीतली कोळंबी खाल्लीत का? आपल्या शेवयांसारख्या बारीक धाग्यांत गुंडाळून तळतात. ग्रीसमध्ये त्या शेवया गोडाच्या. कोळंबीभोवती गुंडाळल्या की वरून कुरकुर आणि आत रसाळ, सोबत आंबट-तिखट काहीतरी. हा पदार्थ वाईट झालेला मी पाहिलेला नाही.

तिखटमीठ

खाल्ली. तीन होत्या. दोन चिरंजीवांनी खाल्ल्या.

हे 'विचारा' प्रकरण मला जमत नाही हो. इतक्या छान कपड्यांतल्या मुलीला 'पाचवा तुकडा द्या' म्हणायला जीभ रेटत नाही. भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर मागायला मात्र काही वाटत नाही.

बिनकांद्याचा

शाकाहाऱ्यांचा मुद्दा कोणी नीट घेतलाच नाही. मीही अशा ठिकाणी पोळलोय. ग्रीकमध्ये आणि आशियाईमध्ये आमच्यासाठी सुरक्षित काय?

ओकलीकर

ग्रीकमध्ये पुष्कळ. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास आपल्याइतकेच असतात, वर्षातले कितीतरी दिवस. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काही नाही. त्या खाण्याला 'निस्तीसिमा' म्हणतात. त्यामुळे टोमॅटोत शिजवलेले मोठाले पांढरे वाल, सांतोरिनी बेटावरची पिवळी 'फावा' (आपल्या घट्ट वरणाची सख्खी बहीण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल), भात भरून भाजलेले टोमॅटो, द्राक्षाच्या पानांचे दोल्मादेस, उकडलेला रानपाला. पण सावध, उपवासाला त्यांना कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो! रक्त नाही म्हणून. शेजारणीने मला चैत्रात 'उपवासाचं' म्हणून काय आणून दिलं होतं ते इथे लिहीत नाही.

तीन_शिट्ट्या

आशियाई बाजू जास्त फसवी. दाशी, फिश सॉस, ऑयस्टर सॉस हे दिसत नाहीत, चवीतही ओळखू येत नाहीत, आणि वाढणाऱ्यांच्या डोक्यात ते 'मासे' म्हणून नसतातच, मसाला म्हणून असतात. नुसतं 'शाकाहारी' म्हणू नका. नाव घेऊन विचारा: दाशी आहे का, फिश सॉस आहे का. कोंबू आणि शिताके अळंब्यांची शाकाहारी दाशी असते, चांगल्या स्वयंपाकघरात ती वेगळी ठेवलेली असते. आणि बुकिंग करतानाच लिहा, टेबलावर बसून नाही. संध्याकाळी सातला आत जाऊन विचारणाऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं, हे मी आतून सांगतोय.

शिवाय चीज. पारंपरिक ग्रीक चीजमध्ये दूध विरजवायला वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट वापरतात. फेटा काय, सागानाकीचं काय, बहुतेक तसंच. वनस्पतीजन्य रेनेटचं मिळतं, पण विचारावं लागतं.

तिखटमीठ

देवा. बाबांनी सागानाकी दोनदा घेतली होती.

झणझणीत_रस्सा

खरवस म्हणाले ना? वासरापर्यंत पोचले होते, थोडक्यात चुकले.

अनिवासी_भोपळा

हा हा हा. धागा दाखवू नका त्यांना.

तिखटमीठ

उशीर झाला. ते काल टॅबवर वाचत होते. 'तीन शिट्ट्या' यांचा प्रतिसाद वाचून म्हणाले, "मग इतकी वर्षं पिझ्झ्यावर काय होतं?" मी कुकर लावायला निघून गेले.

आता बातमी. सासूबाईंनी गाबोळीचा ध्यास घेतला. रविवारी ओकलीला जाऊन एका ग्रीक डेलीतून (चीज, लोणची वगैरेंच्या दुकानातून) तारामाची बाटली आणली, म्हणजे मिठात मुरवलेली गाबोळी. दुकानदाराने खाणाखुणांनी कृती सांगितली: शिळा पाव भिजवून पिळायचा, गाबोळी, लिंबू, आणि तेलाची धार सोडत घोटायचं. घरी शिळा पाव नव्हता. सासूबाईंनी आदल्या दिवशीची तांदळाची भाकरी भिजवली, लिंबाच्या जागी आमसुलाचं घट्ट आगळ घातलं, आणि ऑलिव्हच्या तेलाला "कडवट आहे" म्हणून निम्म्यावर शेंगदाण्याचं तेल घातलं. रंग जांभळट राखाडी झाला, बघवत नव्हता. चव मात्र अशी, की ह्यांनी बोटं चाटली. सोबत आंबोळ्या. हे पण फ्यूजनच म्हणायचं का?

तीन_शिट्ट्या

आगळ तिथे काम करतोय. पास!

ओकलीकर

फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी डबा घेऊन येते.

यवनी_मेथी

ऊझो ही ग्रीक दारू घेतलीत का त्यासोबत? बडीशेपेसारखा वास, पाणी घातलं की दुधासारखा पांढरा होतो. त्यातलं सुगंधी तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून.

तिखटमीठ

हॉटेलात ह्यांनी एक पेला घेतला होता. पांढरा झाल्यावर सासऱ्यांना वाटलं ताक आलं. वेळीच अडवलं.

बिनकांद्याचा

सगळं झालं, पण तो ऑक्टोपसचा चौथा तुकडा कोणी खाल्ला ते सांगितलंच नाही.

तिखटमीठ

कोणी नाही खाल्ला. निघताना सासूबाईंनीच "टाकू नये अन्न" म्हणून डब्यात भरून घ्यायला लावला. फ्रिजमध्ये ठेवला होता.

आडगावचा_पाहुणा

आणि शुक्रवारी?

तिखटमीठ

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला मी चहाला उठले तर डबा धुऊन पालथा घातलेला.

यवनी_मेथी

तांत्रिक मुद्दा. आपल्याकडे वार रात्री बारा वाजता नाही, सूर्योदयाला बदलतो.

तिखटमीठ

माहीत आहे. मेलबर्नला सध्या सूर्योदय पावणेसातनंतर होतो. मी काही विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.